अमेरिकेत पहिलं घर घेतलंय? मग एक तास गॅरेजला द्या

न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक या पट्ट्यात ओळखीतल्या कोणी घर घेतलं की वास्तुशांतीच्या आधी मला एक फोन हमखास येतो, "दादा, एकदा येऊन घर बघून जा ना." मी काही लायसन्सवाला होम इन्स्पेक्टर नाही, सांगलीत सिव्हिल शिकलेला माणूस, इथे अठरा वर्षांत दोन घरं घेतली, एक विकलं, आणि त्या नादात हे खूळ लागलं. गेलो की किचनचा ग्रॅनाइट दाखवतात, देवघर कुठे करणार ते दाखवतात, बेसमेंटमध्ये होम थिएटर कुठे बसेल ते दाखवतात, आणि शेवटी एक दार उघडून लाइट लावतात आणि म्हणतात, "हे काय, गॅरेज. इथे काही नाही बघण्यासारखं."

मी तिथूनच सुरू करतो.

कारण आपल्याकडे गाडी बिल्डिंगखाली किंवा गल्लीत उभी असते, घराला चिकटलेली नसते. इथल्या घरात गाडी म्हणजे १२-१५ गॅलन पेट्रोलची टाकी, शेजारी लॉनमोवर, बऱ्याच जुन्या घरांत वॉटर हीटर पण तिथेच, रंगाचे डबे, पुठ्ठ्याची खोकी, आणि या सगळ्याच्या बरोब्बर वर पोरांची बेडरूम. सत्तरच्या दशकातली बाय-लेव्हल, म्हणजे खाली गॅरेज आणि वर राहत्या खोल्या अशी घरं बघा, बहुतेकांत हाच प्रकार. आणि गॅरेजमध्ये कोणी बसत नाही, त्यामुळे आग लागली तरी कळते उशिरा. यूएस फायर अॅडमिनिस्ट्रेशनचा २००९ ते २०११ या वर्षांचा अंदाज आहे, घरांच्या गॅरेजमध्ये वर्षाला साधारण ६,६०० आगी आणि ३० मृत्यू. म्हणून इथला बिल्डिंग कोड गॅरेज आणि घर यांच्यामध्ये एक भिंत धरून चालतो. ती भिंत आग कायमची अडवत नाही, वेळ देते, माणसं बाहेर पडेपर्यंतचा. गॅरेज तपासायचं म्हणजे ही भिंत, तिचं दार आणि तिचं छत शाबूत आहे का ते बघायचं, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

एक आधीच सांगून ठेवतो. मी खाली जे आकडे देतोय ते आयआरसी म्हणजे इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडचे आहेत, तो बहुतेक राज्यं थोडाफार बदल करून लागू करतात, न्यू जर्सीनेही बदल केलेत, त्यामुळे काम करून घ्यायच्या आधी टाउनशिपच्या कन्स्ट्रक्शन ऑफिसला विचारा. आणि जुनं घर त्या काळच्या नियमाने बांधलेलं असतं, कोणी येऊन दंड करणार नाही, पण आपल्याला माहीत असलेलं बरं. अजून एक, इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, मी पेट्रोलच म्हणणार, नाहीतर पुढे शेगडीचा गॅस आला की गोंधळ होईल.

सुरू करायच्या आधी

दिवसा करा. गाडी बाहेर काढा. हाताशी एक चांगला टॉर्च, मेजर टेप, छोटी शिडी, टू-बाय-फोर लाकडाचा फूटभर तुकडा (नावाला दोन बाय चार इंच, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन, कुठल्याही होम स्टोअरमध्ये कापून देतात) आणि तीन दिव्यांचा आउटलेट टेस्टर, ज्याला जीएफसीआयचं (करंट गळला की लगेच वीज तोडणारी सोय) बटण आहे तो, दहा-पंधरा डॉलरला मिळतो. आणि घरातलं एक माणूस मदतीला, कारण काही गोष्टी एकट्याला जमत नाहीत.

भिंत आणि छत

घराला लागून असलेल्या भिंतीसमोर उभे राहा आणि टॉर्च तिरका धरून खालपासून वरपर्यंत फिरवा. भिंतीवर गॅरेजच्या बाजूने निदान अर्धा इंच ड्रायवॉल पाहिजे, आणि वर राहती खोली असेल तर छताला ५/८ इंचाचा टाइप एक्स, म्हणजे आगीला जास्त वेळ टिकणारा ड्रायवॉल. ड्रायवॉल एवढा पुठ्ठ्यासारखा दिसतो, मग आग कसा अडवतो असं वाटतं, तर त्याच्या आत जिप्सम आहे आणि जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा भाग पाणी असतं, रासायनिक बांधून ठेवलेलं. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जावं लागतं, तोपर्यंत मागचं लाकूड फार तापत नाही. म्हणजे ही भिंत आतून ओली आहे असंच समजा.

आता या भिंतीला किती भोकं आहेत ते मोजा. खरंच मोजा. केबलवाल्याने पाडलेलं, सेंट्रल व्हॅक्यूमचं, बाहेरच्या नळाच्या पाइपचं, दार जोरात आपटून हँडलने पाडलेलं, शेल्फ काढून नेलं त्याचे स्क्रू. शेल्फच्या मागे, फ्रीजच्या मागे, विजेच्या पॅनलच्या वर बघा. ड्रायवॉलच्या जोडांवर टेप आहे का, का नुसत्या फटी आहेत? छताला अॅटिकची, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्याची, ओढून उघडायची शिडी आहे का? ती सगळ्यात जास्त वेळा सापडते, आधीच्या मालकाने सामान ठेवायला हौसेने बसवलेली असते आणि तिचं झाकण म्हणजे पातळ प्लायवूड, वर सगळं अॅटिक मोकळं. आग तिथून वर गेली की पूर्ण घराच्या डोक्यावर पसरते. फायर-रेटेड (आगीला ठरावीक वेळ टिकते असं तपासलेली) शिडी मिळते, किंवा झाकणाला मागून टाइप एक्सचा तुकडा लावून घट्ट बसवतात, पण हे कॉन्ट्रॅक्टरला विचारून करा.

हीटिंगचा डक्ट, म्हणजे गरम हवा नेणारा मोठा पाइप, गॅरेजमधून जात असेल तर तो पत्र्याचा पाहिजे, निदान २६ गेज, आणि त्याला गॅरेजमध्ये उघडणारी जाळी अजिबात नको. हिवाळ्यात गॅरेज उबदार राहावं म्हणून काही लोक डक्टला भोक पाडून जाळी बसवतात. त्या जाळीतून धूर आणि एक्झॉस्ट सरळ सगळ्या बेडरूम्समध्ये.

भोकं बुजवायला तो पिवळा स्प्रे फोम मारू नका, तो स्वतःच पेटतो. छोट्या फटीला फायर-रेटेड सीलंट, मोठ्या भोकाला ड्रायवॉलचा पॅच आणि टेप-मड (जोडावर कागदी पट्टी आणि लांबी). शनिवार सकाळचं काम आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट, म्हणजे मी हे इतकं का ताणतोय ते कळेल. पहिलं घर घेतलं तेव्हा बेसमेंटमधल्या राउटरपासून गॅरेजमध्ये इंटरनेटची वायर न्यायची होती, मी ड्रिलने चांगलं दोन इंचाचं भोक पाडलं, वायर ओवली, समोर शेल्फ लावला आणि विसरलो. पुढच्या जानेवारीत एका सकाळी बाहेर उणे दहा-बारा असेल, गाडी गॅरेजमध्येच चालू केली, मोठं दार वर केलं म्हणजे झालं असं समजून, आणि आत चहा प्यायला गेलो. पाच-सात मिनिटांनी गाडी काढून मी ऑफिसला. तासाभराने बायकोचा फोन, वरचा अलार्म वाजतोय, बॅटरी कुठे ठेवल्यास? मी म्हटलं कसा वाजतोय ते ऐकव. टी-टी-टी-टी, थांबला, परत टी-टी-टी-टी. चार. बॅटरी संपली की मिनिटाला एकदा बारीक टिक होतं, धुराला तीनच्या गटात वाजतो, आणि चार म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, गाडीच्या धुरातला विषारी वायू. पोरीला घेऊन बाहेर जा आणि नाइन-वन-वन लाव म्हटलं. फायर डिपार्टमेंटची मंडळी आली, मीटर घेऊन घरभर फिरली, आणि त्यातल्या एकाने तो शेल्फ सरकवला आणि हातमोजा काढून नुसता तळहात त्या भोकासमोर धरला. काही बोलला नाही, बायकोलाही हात धरायला सांगितला. गॅरेजमधली गार हवा झुळकीसारखी आत येत होती.

थंडीत घर धुराड्यासारखं वागतं, आतली गरम हवा वरून निसटते आणि तेवढीच हवा घर खालून कुठून तरी ओढून घेतं. मी त्याला ओढायला नळी करून दिली होती. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हे मोजलेलं आहे, दार उघडं ठेवून गाडी फक्त दोन मिनिटं गरम केली तरी गॅरेजमध्ये मोनॉक्साइड ५०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग) गेला आणि गाडी बाहेर काढून दहा तास झाले तरी थोडा उरलेलाच होता. तेव्हा गाडी चालू करायची आणि लगेच बाहेर काढायची, गरम ड्राइव्हवेवर होऊ दे. रिमोट स्टार्ट असेल तर गाडी गॅरेजमध्ये असताना ते बटण विसरा, आणि बटणवाली गाडी असेल तर आत आल्यावर इंजिन खरंच बंद झालंय का ते बघायची सवय लावा, हायब्रिड तर इतकी गप्प असते की कळत नाही.

घरात जाणारं दार

बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला तर ते आतल्या बेडरूमचं दार कोणीतरी स्वस्तात इथे बसवलंय. कोडप्रमाणे इथे १ ३/८ इंच म्हणजे साधारण ३५ मिमी जाडीचं भरीव लाकडी दार, किंवा तेवढ्याच जाडीचं स्टीलचं, किंवा २० मिनिटांचं फायर-रेटेड दार लागतं. रेटेड असेल तर बिजागरीच्या बाजूच्या कडेवर छोटं लेबल असतं, बऱ्याचदा त्याच्यावरून रंग मारलेला असतो, नखाने खरवडून बघा.

मग दार अर्धं उघडून सोडून द्या. नवीन कोडप्रमाणे ते स्वतःहून बंद झालं पाहिजे, लॅचही लागलेलं बरं, स्प्रिंगच्या बिजागऱ्या असतात त्यासाठी. लागत नसेल तर बिजागरीला टाइट करायची सोय असते, पाच मिनिटांचं काम. आणि हो, ग्रोसरी आत आणताना दाराला वीट लावून ठेवायची सवय सगळ्यांना आहे, मलाही होती.

दाराच्या कडांची फट बघायला मदतनीसाला गॅरेजमध्ये टॉर्च घेऊन उभं करा, तुम्ही आत अंधार करून दार लावा, त्याला टॉर्च कडेकडेने फिरवायला सांगा, जिथे उजेड दिसेल तिथे वेदरस्ट्रिप (फट बंद करायची पट्टी) लावा. काही जण अगरबत्ती धरून धूर कुठे जातो ते बघा म्हणतात, ते गॅरेजमध्ये करू नका, पेट्रोल असलेल्या जागेत काडी पेटवून सेफ्टी तपासणार का आपण?

कुत्र्या-मांजराचं छोटं झापड या दाराला असेल तर दार बदलायचं, दुसरा उपाय नाही. आणि गॅरेजमधून थेट झोपायच्या खोलीत दार उघडत असेल तर ते कोडमध्ये बसतच नाही. हे विशेषतः आई-बाबा सहा महिने येणार म्हणून गॅरेजचा अर्धा भाग खोली करणाऱ्यांनी लक्षात घ्या, परमिट काढल्याशिवाय तो प्रकार करू नका, आणि परमिट काढायला गेलात की खिडकी केवढी लागते वगैरे सगळं तेच सांगतील.

मोठं दार

घरातली सगळ्यात जड हलणारी वस्तू हीच. दोन गाड्यांचं दार १५० पाउंडांच्या वर सहज जातं आणि ते वजन स्प्रिंगने पेललेलं असतं. दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली जाड स्प्रिंग दिसते ती टॉर्शन स्प्रिंग, तिला हात लावायचा नाही, पाना लावायचा नाही, यूट्यूब बघून तर नाहीच. दाराच्या खालच्या कोपऱ्यात ज्या ब्रॅकेटला केबल बांधलेली असते तिचे बोल्टही सोडायचे नाहीत, ते ताणाखाली असतात. जुन्या घरात दोन्ही बाजूंना रुळांच्या वर ताणलेल्या लांब स्प्रिंगा असतात, त्यांच्या पोटातून एक सेफ्टी केबल आरपार गेलेली दिसली पाहिजे. नसेल तर स्प्रिंग तुटल्यावर ती चाबकासारखी उडते. तंत्रज्ञाला बोलवा, थोड्या पैशात होतं.

सेन्सर बघू. १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती ओपनरला, म्हणजे दार वर-खाली करणाऱ्या मोटरला, दाराच्या दोन्ही बाजूंना खाली फोटो-आय (मध्ये काही आलं की ओळखणारे सेन्सरचे डोळे) किंवा तशीच दुसरी सोय असणं कायद्याने बंधनकारक आहे, लहान मुलं दाराखाली सापडत होती म्हणून तो नियम आला. डोळे जमिनीपासून सहा इंचांच्या वर नकोत. मी एका मित्राकडे गेलो तर दोन्ही डोळे वर छताजवळ, ओपनरच्या शेजारी, एकमेकांकडे तोंड करून टेपने चिकटवलेले! आधीच्या मालकाला सारखं दार परत वर जायचं त्याचा त्रास व्हायचा म्हणे. इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं होतं, बेचाळीसाव्या पानावर, मित्राने वाचलं नव्हतं.

टेस्ट दोन. दार खाली येताना झाडूचा दांडा डोळ्यांच्या मधून आडवा घाला, दार थांबून परत वर गेलं पाहिजे. दुसरी, तो टू-बाय-फोरचा तुकडा दाराच्या मध्यभागी जमिनीवर आडवा ठेवा, म्हणजे उंची दीड इंच, आणि दार खाली आणा. तुकड्याला टेकलं की दोन सेकंदांच्या आत उलटं फिरलं पाहिजे. टेकून नुसतं थांबलं किंवा लाकूड दाबत राहिलं तर नापास, ओपनरवर फोर्सचा स्क्रू असतो, मॅन्युअल बघून सेट करा, तरी जमत नसेल तर ओपनर बदला. १९९३ च्या आधीचा ओपनर असेल तर टेस्टही करू नका, बदलाच.

लाल दोरी लटकते ती हाताने दार उघडायची. वीज गेल्यावर किंवा आत धूर झाल्यावर हीच लागते, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला ती ओढता आली पाहिजे, आजीलाही. पण सराव दार बंद असतानाच करा, वर असताना दोरी ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली तर अख्खं दार खाली येतं. दोरी ओढल्यावर दार हाताने अर्ध्यापर्यंत उचलून हळूच सोडून बघा, जागच्या जागी राहिलं पाहिजे. घसरलं तर स्प्रिंग थकलीय. भिंतीवरचं बटण पाच फुटांवर असावं, पोरांच्या हाताला लागणार नाही आणि तिथून दार दिसेल असं.

वॉटर हीटर आणि फर्नेस

तुमच्याकडे वॉटर हीटर आणि फर्नेस (घर गरम करायची भट्टी) बेसमेंटमध्ये असतील तर हा भाग सोडा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून पाण्यासारखी सरकते. आणि पेट्रोल उणे ४० सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे न्यू जर्सीच्या कुठल्याही थंडीत तुम्ही सेफ नाही. म्हणून गॅरेजमधल्या गॅसच्या वॉटर हीटरची ज्योत किंवा ठिणगी जमिनीपासून निदान १८ इंच वर पाहिजे, स्टँडवर ठेवलेला असतो तो त्यासाठी. २००३ नंतरच्या बऱ्याच हीटरला वाफ पेटणार नाही अशी बंद रचना असते, त्यांना काही ठिकाणी सूट मिळते, लेबल वाचा. गाडी जिथे येऊन थांबते त्या रेषेत हीटर असेल तर पुढे सिमेंट भरलेला लोखंडी खांब पाहिजे. ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबणं कोणालाही होतं. आणि हीटरभोवती तीन फूट मोकळे.

वीज

प्रत्येक आउटलेटमध्ये टेस्टर घाला, बटण दाबा, वीज तुटली पाहिजे. १९७८ पासून गॅरेजमध्ये जीएफसीआय लागतो. लोक इथे एक घोळ करतात: दुसरा फ्रीज किंवा डीप फ्रीजर जीएफसीआयवर ट्रिप होतो, आंब्याचा पल्प आणि कोळंबी सगळी सडते, मग चिडून कुठून तरी एक्स्टेंशन कॉर्ड ओढून आणतात आणि ती दहा वर्षं तिथेच राहते. फ्रीजरला टेंपरेचरचा अलार्म लावा पण कॉर्ड नको. ओपनरसुद्धा छतातल्या आउटलेटमध्ये सरळ पाहिजे, कॉर्डवर नाही. ब्रेकर पॅनलच्या पुढे तीन फूट मोकळी जागा, तिथे क्रिकेट किट टेकवून ठेवायची नाही.

इव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडी असेल तर लक्ष देऊन वाचा. गाडी चार्ज होणं म्हणजे सलग सहा-आठ तास पूर्ण करंट, मिक्सरसारखं दोन मिनिटं नाही. म्हणून ४० अँपिअरच्या चार्जरला ५० चा ब्रेकर लागतो, आणि परमिट काढून लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इलेक्ट्रिक शेगडीसाठी बनवलेली स्वस्तातली ५० अँपिअरची रिसेप्टकल (भिंतीतलं सॉकेट) रोजच्या चार्जिंगला टिकत नाही, वितळलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात, इंडस्ट्रियल ग्रेडची घ्या किंवा चार्जर थेट वायर करून घ्या. साध्या भिंतीतल्या आउटलेटवर चार्ज करत असाल तर तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर बंद करा.

ई-बाइक आणि पोरांच्या स्कूटरच्या बॅटऱ्या घरात जाणाऱ्या दाराजवळ चार्जिंगला लावू नका, आग लागली तर नेमकी तीच वाट बंद. यूएल (सुरक्षेची तपासणी करणारी संस्था) सर्टिफाइड नसलेली ई-बाइक न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून विकताच येत नाही, ते उगाच नाही.

सामान, म्हणजे आपला खरा प्रॉब्लेम

आपण माळ्याच्या संस्कृतीतले लोक, टाकत काही नाही. गॅरेज हाच माळा होतो.

पेट्रोल ठेवायचंच असेल तर लाल कॅनमध्ये, थोडं, आणि जमलं तर बाहेरच्या शेडमध्ये. निळा कॅन केरोसिनचा, पिवळा डिझेलचा, रंग पाळा. न्यू जर्सीत पेट्रोल अटेंडंटच भरतो, तरी कॅन डिकीत ठेवून भरू देऊ नका, खाली जमिनीवर ठेवायला सांगा, स्टॅटिकची ठिणगी पडते. बार्बेक्यूचा २० पाउंडांचा प्रोपेन सिलिंडर गॅरेजमध्ये कधीच नाही, रिकामा वाटला तरी नाही, बाहेर उभा ठेवायचा. स्विमिंग पूलचं क्लोरीन असेल तर ते आणि गाडीचं ब्रेक फ्लुइड एका शेल्फवर नको, ते दोन सांडून एकत्र आले की काडीशिवाय पेट घेतात.

लाकडी डेकला स्टेन (लाकडाला लावायचा रंग) लावल्यावर चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, असं केलं असेल तर आत्ता उठा आणि बघून या. जवसाचं तेल असलेलं स्टेन वाळताना उष्णता सोडतं, बोळा असेल तर ती आतच साठते आणि काही तासांनी आपोआप पेटतं. चिंध्या बाहेर कुंपणावर एकेक पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

आता मखर. गणपती झाले की थर्माकोल, कापड, कागदी फुलं, लाइटच्या माळा सगळं गॅरेजमध्ये, आणि मखर दरवर्षी वाढतंच. थर्माकोल कसा पेटतो ते बघितलं नसेल तर बघूही नका, वितळून थेंब थेंब जळत खाली पडतो आणि धूर काळाकुट्ट. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात घाला, पुठ्ठ्यात नको, आणि हीटरपासून, पॅनलपासून लांबच्या भिंतीला लावा. मंडळाचं सामान तुमच्याकडे असेल तर अध्यक्षांना सांगा पुढच्या वर्षी स्टोरेज युनिट घ्या.

आणि गॅरेजमधली शेगडी. घरात वास नको म्हणून मासे तळायला, दिवाळीच्या चकल्यांना प्रोपेनचा बर्नर गॅरेजमध्ये लावणारी निदान दहा घरं मला माहीत आहेत, चांगली शिकलेली माणसं. एका घरी मी गेलो तेव्हा मावशी चकल्या पाडतायत, बर्नरपासून चार फुटांवर मोवर, त्याच्या शेजारी पेट्रोलचा कॅन, मोठं दार थंडी म्हणून अर्धंच वर. मी काही न बोलता आधी कॅन उचलून बाहेर नेऊन ठेवला, मग त्यांना म्हटलं, "मावशी, दोन मिनिटं बंद करता का?" बर्नर ड्राइव्हवेवर नेला, घरापासून लांब, मोकळ्यावर. चकल्या काही बिघडल्या नाहीत. कढईने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, गॅस बंद आणि वर झाकण, हे सगळ्यांना माहीत असतं पण त्या क्षणी झाकण हाताशी नसतं, म्हणून आधीच शेजारी ठेवा.

जनरेटरचंही तेच. सँडी वादळात, ऑक्टोबर २०१२ ला, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि चोरीला जाईल म्हणून लोक जनरेटर गॅरेजमध्ये चालवत होते. घरापासून २० फूट लांब, एक्झॉस्टचं तोंड घराकडे नको. साखळी लावा चोरीची भीती असेल तर.

अलार्म आणि एक्स्टिंग्विशर

साधा धुराचा अलार्म गॅरेजमध्ये लावू नका, गाडीच्या धुराने सारखा वाजेल आणि मग कोणीतरी बॅटरी काढून टाकेल. तिथे हीट अलार्म लावायचा, घरातल्या अलार्मना जोडलेला असेल तर उत्तम, म्हणजे गॅरेज तापलं की वर बेडरूममध्ये वाजतं. मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांच्या प्रत्येक भागाबाहेर, मागे तारीख छापलेली असते, सात-दहा वर्षांनी बदलायचा, बटण दाबल्यावर वाजतो म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं नाही.

न्यू जर्सीत घर विकताना किचनपासून दहा फुटांत एक एक्स्टिंग्विशर (आग विझवायचा सिलिंडर) लागतो म्हणून तो घरात आलेलाच असतो, २ए-१०बी-सी असं रेटिंग लिहिलेला. तसाच एक गॅरेजसाठी वेगळा आणा आणि घरात जाणाऱ्या दाराजवळ लावा, गाडीच्या पलीकडे कोपऱ्यात नको, आग ओलांडून घ्यायला जाणार का? पेटलेल्या इव्हीवर किंवा ई-बाइकच्या बॅटरीवर मात्र तो चालवत बसू नका, दार लावून घ्या, बाहेर पडा, नाइन-वन-वन.

राहता राहिलं ते लाकूड. टेस्ट झाली की तो टू-बाय-फोरचा तुकडा फेकू नका, भोक पाडून बटणाशेजारी खिळ्याला अडकवा आणि दर वेळी मार्करने तारीख टाका. दर महिन्याला करा असं सांगतात, माझ्याच्याने तेवढं होत नाही, मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलतं त्या रविवारी होतं. माझ्या तुकड्याची एक बाजू भरली, आता उलटा करून लिहितोय.